वहीतली सहल: ॲरिझोना-युटाच्या दऱ्यांतून १५५० मैल

परवा नणंदेचा फोन आला. तिचा मुलगा डेन्व्हरला आहे, पुढच्या उन्हाळ्यात ती दोघं जाणार आहेत. "वहिनी, तुम्ही ते ग्रँड कॅन्यन वगैरे गाडीनं केलंत ना, मला जरा सांगा ना सगळं." सगळं फोनवर सांगणं अशक्य होतं. मी बँकेत एकोणतीस वर्षं काढली, त्यामुळे प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायची खोड आहे. मे २०२४ च्या त्या सहलीची वही अजून कपाटात होती, पावत्यांसकट. ती समोर ठेवूनच हे लिहिते आहे.

माझं माहेर आटपाडी, सासर सांगली. गाडी शिकले चाळिसाव्या वर्षी. नवऱ्याला चालवता येते, पण त्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून रात्री आणि लांब पल्ल्याला तो बसत नाही. लेक सई ॲरिझोनातल्या टेंपीला एमएस करत होती, तिच्याकडे तिथला परवाना नव्हता. म्हणजे ड्रायव्हर मीच. हे ठरलं तेव्हा मी वर्षभर आधीच घाबरायला सुरुवात केली.

व्हिसा आणि दोन डॉलर

जुलै २०२३ मध्ये व्हिसाची फी भरली, माणशी १८५ डॉलर, म्हणजे तेव्हा साडेपंधरा हजारांच्या आसपास. मुंबईतल्या मुलाखतीची पहिली तारीख मिळाली डिसेंबर २०२४ ची, म्हणजे सईचा पदवीदान समारंभ होऊन सात महिन्यांनी. मग तारीख अलीकडे सरकवायचा उद्योग. सारखं लॉगिन केलं की खातं काही काळ बंद होतं, हे एकदा बंद झाल्यावर कळलं. शेवटी ८ फेब्रुवारी २०२४ मिळाली. आदल्या दिवशी बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी बीकेसीत मुलाखत. तीन प्रश्न, दोन मिनिटं. माझी फाइल कुणी उघडलीसुद्धा नाही.

गंमत अशी की त्याच्या आठ दिवस आधीच आम्ही सहलीतला पहिला खर्च केला होता. युटातल्या मोआब गावाजवळच्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी ७ ते दुपारी ४ या वेळात शिरायला आधी वेळ राखून ठेवावी लागे. मे महिन्याच्या वेळा १ फेब्रुवारीला तिकडे सकाळी ८ वाजता खुल्या होणार होत्या, आपल्याकडे रात्री साडेआठ. सई तिकडे लॅपटॉपवर, आम्ही इकडे व्हिडिओ कॉलवर आमटी-भात खात. शुक्रवार १७ मे, सकाळी ७ ते ८ मिळालं. शुल्क २ डॉलर. व्हिसा नाकारला असता तर तेवढेच बुडाले असते. हे नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा तुम्ही जाल त्या वर्षीचं उद्यानाचं अधिकृत पान वाचा. माझ्या किंवा कुणाच्याही जुन्या लेखावर जाऊ नका.

परवाना

आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचं काम माझ्या अंदाजापेक्षा सोपं होतं, पण एका फेरीत झालं नाही. परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावर अर्ज, नमुना ४-अ, फी १००० रुपये. पासपोर्ट, व्हिसा आणि परवान्याच्या प्रती, फोटो, वर डॉक्टरांचा दाखला. पहिल्या दिवशी सर्व्हर बंद. दुसऱ्या दिवशी खिडकीवरच्या साहेबांनी परवान्यावरचा पत्ता आणि पासपोर्टवरचा पत्ता जुळत नाही म्हणून परत पाठवलं. आम्ही फ्लॅट बदलून सहा वर्षं झाली होती आणि परवान्यावर अजून जुनं घर होतं. आधी पत्ता बदलला, मग हा अर्ज. एकूण पंचवीस दिवस गेले. तिकीट काढल्यावर नाही, व्हिसा आल्याच्या दुसऱ्या दिवशी या कामाला लागा. हा परवाना एका वर्षासाठी असतो आणि मूळ परवान्याची मुदत आधी संपत असेल तर तेवढाच. शिवाय तो एकटा चालत नाही, मूळ कार्ड सोबत लागतंच.

नकाशावर खाडाखोड

सईने पहिला आराखडा पाठवला तो सहा दिवसांत सात उद्यानांचा. मी प्रत्येक दिवसापुढे गाडीचे तास लिहून तिला परत पाठवला. तिसऱ्या दिवशी नऊ तास, पाचव्या दिवशी आठ. "आई, रस्ते चांगले आहेत गं," ती म्हणाली. रस्ते चांगले होतेच. कंबर माझी होती.

मग आम्ही गोष्टी काढत गेलो. कॅन्यनलँड्स काढलं, कॅपिटल रीफ काढलं, लास व्हेगास तर मी पहिल्या दिवशीच काढलं. ग्रँड कॅन्यनचा उत्तरेकडचा कडा बर्फामुळे १५ मेपर्यंत बंद असतो, त्यामुळे तो आपोआप निघाला. उरलं ते असं: फिनिक्सहून विल्यम्स, तिथून ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा, मग पेज गाव, झायन आणि ब्राइस ही उद्यानं, मोआब, मॉन्युमेंट व्हॅली आणि फ्लॅगस्टाफमार्गे परत फिनिक्स. दहा दिवस, नऊ रात्री. एका दिवशी पाच तासांच्या वर गाडी नाही, हा नियम. तो दोनदा मोडला. गाडी घेतली तिथेच परत करायची, कारण दुसऱ्या गावात सोडली तर वेगळे पैसे लागतात.

ग्रँड कॅन्यनच्या आत राहायचं असेल तर लोक वर्षभर आधी खोल्या धरतात. आम्ही साठ मैल अलीकडे विल्यम्सला राहिलो. झायनच्या दारात स्प्रिंगडेल महाग, म्हणून तासाभरावर कनाब. सगळ्या खोल्या 'रद्द केल्यास पैसे परत' याच अटीवर घेतल्या.

काउंटरवरचे अडीच तास

१० मे, शुक्रवार. त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. सईच्या खोलीत आमरसाच्या डब्याला नैवेद्य दाखवून निघालो आणि मुहूर्त गाडी भाड्याने देणाऱ्यांच्या काउंटरवरच अडकला.

गाडीचे पैसे नवऱ्याच्या कार्डावरून भरलेले होते, पण काउंटरवर अनामत रोखायला चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड हवं होतं. माझ्या नावाचं ॲड-ऑन कार्ड पर्समध्ये होतं. त्यावर परदेशी व्यवहार चालू केलेले नव्हते. ते चालू करायला ओटीपी लागतो, तो जातो मूळ खातेदाराच्या नंबरवर, आणि मूळ खातेदाराने रोमिंगचे पैसे वाचवायला फोन फ्लाइट मोडवर टाकलेला. अहो फोन चालू करा म्हटलं, केला. ओटीपी यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर त्याची मुदत संपलेली. असं तीनदा झालं. बँकेत असताना मी हेच लोकांना काउंटरच्या आतून समजावत होते. अडीच तासांनी किल्ली मिळाली.

अनामत ३०० डॉलर रोखली गेली. नऊ दिवसांचं भाडं विम्यासह ६२० डॉलर झालं होतं. विम्यात गाडीचं नुकसान आणि समोरच्याचं नुकसान, दोन्ही आहे ना, एवढं आरक्षण करतानाच बघून घ्या. काउंटरवर पुन्हा विकत घ्यायचा आग्रह होतोच.

गाडी डावीकडे बसून चालवायची, रस्त्याच्या उजव्या बाजूने. पहिल्या तासात वळताना मी चार वेळा वायपर लावला, कारण इंडिकेटर दुसऱ्या हाताला. प्रत्येक चौकात नवऱ्याने फक्त एक शब्द म्हणायचा, "उजवीकडे". एरवी मागून सूचना आल्या की माझं डोकं फिरतं, तिथे मात्र तो शब्द देवासारखा वाटला.

विल्यम्सला पोचलो तेव्हा इतके दमलो होतो की नऊ वाजता पडदे ओढून झोपलो. सकाळी रिसेप्शनवरच्या मुलीने फोनमधला फोटो दाखवला. झाडांच्या शेंड्यांवर आकाश गुलाबी-जांभळं. त्या रात्री सूर्यावरच्या मोठ्या वादळामुळे ॲरिझोनापर्यंत ध्रुवप्रकाश दिसला होता. वहीत त्या दिवसापुढे मी लिहिलंय: 'झोपलो.'

विष्णू मंदिर

ग्रँड कॅन्यनच्या नाक्यावर ८० डॉलरचा वार्षिक पास काढला. गाडीतल्या सगळ्यांना तो एकच चालला. हिशेब सोपा होता: ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस यांचे ३५-३५ आणि आर्चेसचे ३०, म्हणजे १३५ वाचून ८० गेले. नणंदेसाठी इथे लाल शाईत: १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांना हाच पास २५० डॉलरला आहे, आणि पास नसेल तर ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइससह अकरा उद्यानांत नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जास्त.

दरीबद्दल मी काय लिहू? खोली साधारण एक मैल. सगळ्यात तळाच्या काळ्या खडकाचं नाव 'विष्णू शिस्ट', वय सुमारे १७० कोटी वर्षं. समोरच्या सुळक्यांना विष्णू मंदिर, ब्रह्मा मंदिर, शिव मंदिर अशी नावं आहेत. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात पूर्वेकडच्या देवांची नावं द्यायची ही रीत पाडली. नकाशावर राम आणि कृष्ण यांच्या नावाची शिखरंही सापडली. नवऱ्याने डेझर्ट व्ह्यूच्या रस्त्यावर एका ठिकाणी गाडी थांबवायला लावली आणि चपला काढून हात जोडले. शेजारचं जर्मन जोडपं त्याच्या पायांकडे बघत राहिलं.

घड्याळ

या सहलीत आम्हाला दरीपेक्षा जास्त घड्याळाने दमवलं. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ तासाने पुढे करत नाहीत. युटात करतात. ॲरिझोनाच्याच पोटात नवाहो लोकांचा स्वतंत्र कारभाराचा मोठा प्रदेश आहे, तिथेही करतात. १२ मेला आम्ही ग्रँड कॅन्यनहून पेजला निघालो आणि कॅमेरॉनच्या आसपास सईचा फोन एक तास पुढे गेला. पेज गाव ॲरिझोनाच्या वेळेने चालतं, पण आजूबाजूला नवाहो प्रदेश आणि पलीकडे युटाची हद्द, त्यामुळे खोलीत सईच्या फोनवर दहा आणि नवऱ्याच्या फोनवर नऊ. दुसऱ्या दिवशी साडेनऊला अँटेलोप कॅन्यन या अरुंद दरीची फेरी होती, अर्धा तास आधी हजर राहायचं, उशीर झाला तर पैसे परत नाहीत.

माझ्या हातात किल्लीचं एचएमटी होतं. त्याला कुठल्याच टॉवरचं कळत नाही. ते विल्यम्सपासून ॲरिझोनाच्या वेळेवर होतं, मी त्याच्यावर विश्वास ठेवला. अँटेलोप नवाहो जमिनीवर आहे, तरी फेऱ्या पेजच्या घड्याळाने सुटतात. आरक्षणाच्या पत्रात ते लिहिलेलं होतं, शेवटून दुसऱ्या ओळीत. नवऱ्याचा मात्र घड्याळावर विश्वास नाही, म्हणून आम्ही एक तास आधी जाऊन बाकावर बसलो.

या दरीत वाटाड्याशिवाय जाता येत नाही आणि राष्ट्रीय उद्यानाचा पास इथे चालत नाही. वरची आणि खालची यांतली आम्ही खालची दरी निवडली, माणशी ७० डॉलरच्या आसपास पडली. पिशवी, पर्स काही न्यायचं नाही, फक्त पाण्याची बाटली आणि फोन. लोखंडी जिने इतके उभे आहेत की तोंड जिन्याकडे करून उतरावं लागतं. गुडघेवाल्यांनी विचार करून ठरवावं. आमचे गुडघेवाले उतरले, दर पायरीला 'अगं आई' म्हणत.

आत गेल्यावर मी बराच वेळ भिंतीला हात न लावता उभी होते. वरच्या फटीतून चाळणीतून पडावी तशी वाळू पडत होती, खांद्यावर, केसांत. दगडाला आलेले गोल वळसे मी आधी पाहिलेले होते, निघोजला, कुकडीच्या पात्रातल्या रांजणखळग्यांत. तिथे पाणी काळ्या बेसाल्टमध्ये गरगर फिरून खड्डा खोदतं, इथे ते तांबड्या वालुकाश्मातून वाट कापत गेलंय. आटपाडीच्या माणसाला हे समजायला वेळ लागतो की कोरड्या जागेतलं सगळं काम पाण्याने केलेलं असतं. १२ ऑगस्ट १९९७ ला याच खालच्या दरीत अचानक आलेल्या लोंढ्याने अकरा पर्यटक गेले. पाऊस इथे नव्हता, मैलोगणती वर कुठेतरी पडला होता. पक्के जिने त्यानंतरचे. जुलै ते सप्टेंबर तिथला वळवाचा काळ, म्हणून आम्ही मे धरला.

हॉर्सशू बेंड, म्हणजे नदीचं घोड्याच्या नालेसारखं वळण, तिथेही पास चालत नाही. ते पार्किंग पेज नगरपालिकेचं, १० डॉलर. दुपारी दीडला गेलो, ही चूक. दीड मैलाचा येण्याजाण्याचा रस्ता, झाड नाही.

संध्याकाळी युटाच्या हद्दीत शिरलो आणि जो तास मी दोन दिवस जपला होता तो गेला. कनाबला माझ्या घड्याळात पावणेआठ, गावाच्या घड्याळात पावणेनऊ. खाण्याच्या जागा आवरत होत्या. रात्रीचं जेवण: चिवडा, खाकरा, केळी.

झायन, ब्राइस

झायनला पूर्वेकडून शिरताना १९३० साली पूर्ण झालेला बोगदा लागतो, एक मैलाहून लांब. डोंगराच्या पोटात मध्येच खिडक्या कोरलेल्या आहेत, क्षणभर उजेड, पुन्हा काळोख. आत थांबता येत नाही. मुख्य दरीत सीझनमध्ये खासगी गाड्यांना बंदी, उद्यानाची फुकट बस घ्यायची. आम्ही सव्वाआठला पोचलो, वाहनतळ भरलेला. मग स्प्रिंगडेलमध्ये २० डॉलर देऊन गाडी लावली. सातच्या आत पोचा.

सईला एंजल्स लँडिंगच्या कड्यावर जायचं होतं. तिथे साखळ्या धरून चढतात आणि २०२२ पासून सोडत काढून परवाने देतात. आदल्या दिवशी अर्ज, ६ डॉलर, दुपारी चारला निकाल. लागला नाही. मी तिच्यासमोर वाईट वाटल्याचा चेहरा केला. आम्ही तिघं नदीकाठच्या सपाट वाटेने शेवटच्या थांब्यापासून पुढे गेलो, जिथे वाट संपते आणि नदीच वाट होते. तिथे दगडावर बसून दशम्या खाल्ल्या. भाजणी सांगलीहून नेली होती, दशम्या सईच्या खोलीवर करून घेतल्या होत्या, चौथ्या दिवशीही टिकल्या.

ब्राइसला कडा आठ हजार फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईहून अडीच हजार फूट उंच. हे मी वहीत लिहिलं होतं आणि तरी वाळवंट म्हणून गरम कपडे गाडीच्या डिकीत सगळ्यात खाली. पहाटे गवतावर दंव गोठलेलं. उगवतीला ते हजारो केशरी सुळके आतून दिवा लावल्यासारखे दिसतात. खाली उतरणं सोपं होतं. वर येताना सहाशे फुटांच्या चढाला मी अकरा वेळा थांबले, सईने मोजलं.

मोआबकडे

१६ मे हा फक्त गाडीचा दिवस. आय-७० रस्त्यावर सलायना ते ग्रीन रिव्हर हा शंभरावर मैलांचा पट्टा असा आहे की पेट्रोलपंप नाही, दुकान नाही, गाव नाही. सलायनाला टाकी भरा, अर्धी असली तरी भरा. फोनलाही बराच वेळ रेंज नव्हती, नकाशे आदल्या रात्री उतरवून ठेवले होते. पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरून डिकीत मोठे कॅन होते. उद्यानांत बाटल्या भरायला नळ असतात, पण सगळीकडे नाहीत. आर्चेसमध्ये तर प्रवेशद्वाराजवळच्या केंद्रात आणि दुसऱ्या टोकाला डेव्हिल्स गार्डनपाशी, मधे काही नाही.

त्या दोन डॉलरच्या पावतीवर १७ मेला सात वाजून दहा मिनिटांनी आत शिरलो. डेलिकेट आर्च ही दगडी कमान येऊन-जाऊन तीन मैल, उघड्या खडकावरून चढ. साडेआठला वर होतो, उतरताना दहाच्या उन्हात वर निघालेल्या लोकांचे चेहरे बघवत नव्हते. वाटेच्या कडेला काळपट, खरबरीत माती दिसते, तिच्यावर पाय देऊ नका असं जागोजागी लिहिलंय. ती जिवंत असते, शेवाळ आणि सूक्ष्मजीवांनी धरून ठेवलेली, एका पावलाने मोडली तर सावरायला कित्येक वर्षं जातात.

मॉन्युमेंट व्हॅली नवाहो लोकांचं उद्यान, इथेही पास नाही, माणशी ८ डॉलर. आत सतरा मैलांचा कच्चा रस्ता आहे. भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्याला मनाई होती, ते कलम मी वाचलेलं होतं. सई म्हणाली, सगळे नेतायत. मी नेली नाही. एका नवाहो गृहस्थांच्या उघड्या ट्रकमध्ये मागे बसून गेलो, नाकातोंडात लाल धूळ. ते बोलताना मधूनच इंजिन बंद करायचे आणि दोन मिनिटं कुणाशीच बोलायचे नाहीत.

१९ मेला फिनिक्स. एकूण १५५० मैल, पेट्रोल २०० डॉलरच्या आत. अनामत सहाव्या दिवशी परत आली. पावती वहीत चिकटवली आहे.

एवढं सगळं नणंदेला वाचून दाखवलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "ते ठीक आहे वहिनी, पण बाथरूम कुठे कुठे आहेत?"

खरंच लिहिलेलं नव्हतं. तर: उद्यानांत प्रत्येक मोठ्या ठिकाणी आहेत, बऱ्याच ठिकाणी खड्ड्याचे, पाण्याशिवायचे, पण स्वच्छ. हात धुवायला पाणी नसतं, सॅनिटायझर ठेवा. खालच्या अँटेलोपमध्ये आत गेल्यावर नाही, आधी जाऊन या. झायनच्या बोगद्याआधी कनाबलाच जा. आय-७० वर दरी बघायला थांबतात त्या जागांवर आहेत. आणि पेज ते कनाब या रस्त्यावर मी बाथरूम शोधत सव्वा तास चालवली आहे, तेव्हा पेज सोडताना हट्ट करू नका, जाऊनच निघा.